एक पॅसेंजर

तिसऱ्या ठिकाणी गाडी थांबली तेव्हा कंडक्टरने घड्याळ पाहिलं, आणि बायकोने त्याला घड्याळ पाहताना पाहिलं.

"आज घाई करणार नाही म्हणाला होतात."

"घाई कुठे केली? नुसतं बघितलं."

रिटायर होऊन चार महिने झाले तरी सगळे त्याला कंडक्टरच म्हणत. तीस वर्षं त्याने दुनियेला हिंडवलं. बायकोला घेऊन नुसतं भटकायला निघायचा हा पहिलाच दिवस. मेहुण्याने आपली जुनी गाडी काढली होती. हमरस्ता सोडून आडवाटेने जायचं आणि जुनंपुराणं काही दिसलं की उतरायचं, एवढाच बेत. सकाळी कमानींचा पूल झाला, मग पडका बुरूज झाला. दोन्ही ठिकाणांहून निघताना कंडक्टरने मागच्या खिडकीतून आत डोकावून "एक!" म्हटलं, पुढे येऊन बसला आणि बाहेर हात काढून टपावर दोन थापा मारल्या. दोन थापा पडल्या की निघायचं, एक पडली की थांबायचं.

"भाऊजी, आहोत तिघं," मेहुण्याने चिडवलं होतं.

"ड्रायव्हर-कंडक्टर मोजत नाहीत. पॅसेंजर मोजतात."

"मग बरंय. एकात चुकायची भीती नाही."

तिसरं ठिकाण म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार होतं. वरून दिसायचं ते एवढंसं दार, आत उतरत्या पायऱ्या आणि दाराशी कुलूप मांडीवर घेऊन बसलेला म्हातारा राखणदार. मेहुणा तोंडावर टोपी ओढून स्टिअरिंगमागेच आडवा झाला.

"किती जण?" राखणदाराने विचारलं.

"पॅसेंजर एक," कंडक्टर सवयीने म्हणाला आणि स्वतःच हसला.

राखणदार हसला नाही. "निघताना नुसतं मोजू नका," तो म्हणाला. "तोंड बघून घ्या."

तीस वर्षांत एकही माणूस मागे राहिलं नव्हतं. हा कोण शिकवणारा? कंडक्टर पायऱ्या उतरला.

खाली हाडं गोठवणारा गारठा होता. "अहो, शाल गाडीतच राहिली की," बायको म्हणाली, पण परत फिरली नाही. तिला खांबांवरच्या खुणा सापडल्या होत्या. ज्या पाथरवटाने जो खांब घडवला, त्यावर त्याने आपली खूण कोरली होती. कुठे विळा, कुठे मासा, कुठे नुसतं पाऊल. ती एकेका खांबावरून हात फिरवत पुढे पुढे जाऊ लागली. खांब काही संपेनात.

"झालं का?" त्याने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "तुझं चालू दे. मी वर जाऊन थांबतो."

ती काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे रागावली, हे त्याला ठाऊक होतं.

वर येऊन तो आडोशाच्या नळावर गेला, तोंड धुतलं, बाटली भरली. परत आला तर उन्हाने डोळे दिपलेले. त्याने मागच्या खिडकीतून आत डोकावलं. डोक्यावरून शाल घेऊन, तोंड पलीकडे करून ती कोपऱ्यात बसलेली. फुगली होती तर.

"एक," तो हळूच म्हणाला. दोन थापा पडल्या, मेहुणा दचकून जागा झाला आणि गाडी निघाली.

दोन्हीकडे उसाची शेतं, मध्ये खडबडीत रस्ता. मागून शब्द नाही. कंडक्टरला मनातून वाईट वाटू लागलं. एक दिवस मागितला होता तिने, तोही त्याने घड्याळाला बांधला.

"चुकलं माझं," तो समोर बघतच म्हणाला. "पुढच्या ठिकाणी तू म्हणशील तेवढा वेळ थांबू. संध्याकाळ होऊ दे. मी हूं की चूं करणार नाही."

मेहुण्याने गालात हसून रस्त्याकडे लक्ष दिलं. कंडक्टरने संत्रं सोललं आणि एक फोड न वळता मागे धरली. जरा वेळ ती तशीच राहिली. मग बोटांतून घेतली गेली. बोटं फार गार होती. कोठारातला गारठा अजून गेला नाही बिचारीचा, असं त्याला वाटलं, पण त्याचा जीव हलका झाला. घेतली म्हणजे राग गेला.

चढ संपला आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. बायकोचा नंबर होता.

"अहो, आहात कुठे?" ती धापा टाकत होती. "कधीची फोन लावतेय, लागतच नाही. सगळे खांब बघून वर आले तर गाडीच नाही! मला टाकून गेलात?"

त्याने फोन कानापासून काढून नंबर पुन्हा पाहिला.

"अहो, ऐकताय ना? हे काका कुलूप लावायचे थांबलेत माझ्यासाठी. ते विचारतायत, तोंड पाहिलं होतं का म्हणून. कोणाचं तोंड हो?"

कंडक्टरचा हात आपोआप खिडकीबाहेर गेला. टपावर एक थाप पडली.

मेहुण्याने ब्रेक दाबला. "काय झालं भाऊजी?"

फोन कानाशी धरून कंडक्टर समोर बघत राहिला. गाडीत संत्र्याचा वास भरला होता. त्याची मान वळेना.

मागच्या सीटवरून टपाला आतून थापा पडल्या. एक, आणि लगेच दुसरी.