आधी तू सांग

"या नायकाचा कोट चोरीचा आहे," टीव्ही बंद करत बाबा म्हणाले. "बाही दोन बोटं आखूड. आणि पुलावरच्या रखवालदाराला असलं कापड परवडतं होय?"

बाबांची सिनेमावरची मतं ही अशी. जन्मभर शिवणयंत्रावर बसलेला माणूस. पडद्यावर नायिका प्राण सोडत असली तरी यांचं लक्ष तिच्या झग्याच्या शिवणीवर. त्यांची लेक छोटी पोट धरून हसली आणि हसता हसता तिला हायसं वाटलं. मत देता येतंय, म्हणजे अजून सगळं ठीक होतं.

आठवण शाबूत आहे का ते पाहायची ही युक्ती डॉक्टरांची. तारीख-वार विचारत बसू नका, माणसाला अपमान वाटतो, असं ते म्हणाले होते. रोज एक सिनेमा बघा आणि दुसऱ्या दिवशी सहज विचारा, कसा वाटला. डॉक्टर तिच्याकडे बघत हसतमुखाने बोलत होते आणि बाबा बाजूला मान खाली घालून बसले होते. तिला त्यांची इतकी दया आली, की तिने तिथेच त्यांचा हात घट्ट धरला.

दादाने मात्र घरी आल्यावर तोडून सांगितलं. आदल्या दिवशीचा सिनेमा आठवेनासा झाला, की संस्थेत ठेवायचं, मग रडारड नको. संस्था वाईट नव्हती. बाग होती, नर्स होत्या, दारांना बाहेरून कड्या होत्या. छोटीने मनाशी ठरवून टाकलं, आपल्या जिवात जीव आहे तोवर बाबांना तिथे जाऊ द्यायचं नाही. बँकेतल्या नोकरीवर तिने तेव्हाच पाणी सोडलं.

रोज सकाळी चहाच्या वेळी ती विषय काढायची. "मग, कालचा कसा वाटला?"

"आधी तू सांग," बाबा म्हणायचे. "मग मी."

रोज हेच. ती भरभरून सांगायची, ते कपात बघत ऐकायचे आणि मग आपलं मत द्यायचे. तिच्या लक्षात यायला वेळ लागला. म्हातारा मोठा बेरकी. तिच्याच बोलण्यातून धागे उचलून आपलं मत जुळवत होता. तिने दादाला यातलं काही कळू दिलं नाही.

लपवण्यासारखं आणखीही होतं. एकदा ती आंघोळीहून आली तर दुधाचं पातेलं जळून कोळसा झालेलं. गॅस कोणी चालू ठेवला, असं तिने विचारलं.

"मीच," पातेलं घासत बाबा म्हणाले. "विसरलो."

तेव्हापासून ते शेगडीचं बटण काढून स्वतःच्या खिशात ठेवायला लागले. चहा करायचा तरी त्यांच्याकडे मागावं लागे. आणि दुपारभर खिडकीत बसून चांगल्याभल्या शर्टांच्या कॉलरी उसवायचे आणि पुन्हा शिवायचे. ही काय नवी खोड, असं तिने विचारलं, तर म्हणाले, हात रिकामे राहिले की डोक्यात नको ते येतं. तिने पुढे विचारलं नाही. आजारी माणसाच्या नादी किती लागायचं?

दादाचा फोन आला की बाबा आतल्या खोलीत जाऊन हळू आवाजात बोलायचे. मग फोन तिच्याकडे यायचा. बाबा ठणठणीत आहेत, ती ठासून सांगायची.

"आणि तू?" दादा विचारायचा.

"मला काय धाड भरलीय?"

शनिवारी तिने दोन बहिणींच्या लॉन्ड्रीचा सिनेमा लावला. नावं पडद्यावर येतात न येतात तोच बाबा म्हणाले, "हा पाहिलाय आपण. परवाच."

हा सिनेमा तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. तिला फार भीती वाटली. बाबांनी तिचा चेहरा निरखून पाहिला.

"नसेल पाहिला," ते म्हणाले. "राहू दे चालू."

सिनेमा संपल्यावर त्यांनी मत दिलं, पण नेहमीचा खट्याळपणा त्यात नव्हता. इतकी वर्षं इस्त्री करणाऱ्या बाईच्या हातावर एकही चटका नाही, एवढंच म्हणाले आणि फोन घेऊन आत गेले.

रविवारी सकाळी दादा न सांगता दारात उभा राहिला. दाराशी बॅग भरून ठेवलेली होती. ती कधी भरली, कोणी भरली, छोटीला पत्ताच नव्हता. दादा खुर्ची ओढून दोघांच्या समोर बसला आणि त्याने अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "काल कोणता सिनेमा पाहिलात?"

बाबा बोटावरची शिवणकामाची टोपी फिरवत राहिले. यांना आठवत नाहीये, छोटीला वाटलं. आता तीच त्यांना वाचवू शकत होती.

"तो पुलाच्या रखवालदाराचा," ती घाईने म्हणाली. "काय हसलो आम्ही. नायकाचा कोट चोरीचा, बाही दोन बोटं आखूड. बाबांनीच तर दाखवलं. हो ना बाबा?"

"आणि लॉन्ड्री, पोरी?" बाबांनी हळूच विचारलं. "दोन बहिणींची?"

"कसली लॉन्ड्री?" ती दादाकडे झुकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "घाबरू नकोस. बोलतात ते मधूनच असं काहीतरी."

दादाने डोळे पुसले आणि उठून बॅग उचलली. तिने ती त्याच्या हातातून हिसकावली. बाबा कुठेही जाणार नाहीत, ती ओरडली. त्यांचे कपडे परत कपाटात लावायला तिने तिथेच जमिनीवर बसून चेन उघडली.

बॅगेत सगळे तिचेच कपडे होते. प्रत्येक कॉलरच्या आत बाबांनी बारीक टाक्यांत तिचं नाव आणि स्वतःचा फोन नंबर शिवला होता.