वेदीवरची यादी

नोव्हेंबरात आमच्या गावी घरोघरी आपल्या मृतांची नावं लिहून पाकीट चर्चच्या वेदीवर ठेवतात. महिनाभर त्यांच्यासाठी प्रार्थना होते. नोरीन आत्याचे हात कापतात, म्हणून यंदा जुन्या कागदावरून नावं मी उतरवत होते. सगळ्यात खाली आजोबांच्या अक्षरात होतं: हमदान, युसुफ, सलमा. आजोबा तरुणपणी पॅलेस्टाइनला इंग्रजांच्या पोलिसात होते. माझ्या मनात नाही नाही ते आलं.

"आत्या, खरं सांग. आजोबांचं तिकडे दुसरं घर होतं ना? आजीला ठाऊक होतं?"

"भलतीच संशयी गं तू! तसं असतं तर ती भावंडं आज इथे चहाला आली असती." आत्याने जपमाळ खाली ठेवली. "बाबांच्या गोळीने मेलेली माणसं ती. ज्यांची नावं बाबांना कळली, तेवढीच आहेत ही. लिही."