ग्राह्य पुरावा

बाबा गेल्यावर नारीन शहराच्या कोर्टात घराचा वाद उभा राहिला, तेव्हा तालाय निर्धास्त होता. अंथरुणाला खिळलेल्या बाबांचं बोलणं त्याने त्यांच्या नकळत फोनवर रेकॉर्ड केलं होतं. "स्वतःच्याच संभाषणाचं रेकॉर्डिंग आहे, चालतं," असं वकिलाने सांगितलं होतं. सुनावणीत तो फोनवर त्यातलं शेवटचं वाक्य शोधू लागला.

"पहिल्यापासून लावा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

बाबांचा खोल गेलेला आवाज आला. "पाणी दे रे, बाळा."

"देतो हो. आधी सांगा, घर कोणाला?"

"तुलाच... घसा सुकलाय रे."

"पुटपुटू नका. नाव घेऊन सांगा."

"घर... तालायला."

रेकॉर्डिंग तिथेच संपलं.

न्यायाधीशबाईंनी त्याच्या धाकट्या बहिणीला, बुरुलला विचारलं, "तुमची काही हरकत?"

"नाही. आवाज बाबांचाच आहे. घर त्याला द्या." मग ती भावाकडे वळली. "दादा, नंतर पाणी दिलंस ना त्यांना?"

तालायची मान खाली गेली. फोन बंद करून खिशात टाकल्याचं त्याला लख्ख आठवत होतं. पाण्याचं मात्र काही केल्या आठवेना.