जुना ड्रायव्हर

नवा जिल्हा होणार म्हणून उदगीरला पाणी तपासायची प्रयोगशाळा आली. मशीन लातूरचं जुनं, कॉम्प्युटर कोरा करकरीत, दोघांचं जमेना. दुष्काळात टँकर खोळंबले. तपासल्याशिवाय नव्या बोअरचं पाणी गावांना देता येईना. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या संघमित्रानं लातूरच्या ऑफिसला फोन केला, "इथं जुना ड्रायव्हर लागतोय, तातडीनं पाठवा." दुपारी ऑफिसच्या जीपचे रिटायर झालेले ड्रायव्हर नरसिंगमामा कडक इस्त्रीच्या खाकीत हजर! "माझ्याबिगर अडलंय म्हनले. लई बरं वाटलं." कुणीतरी फिसकन हसलं. संघमित्राला हवा होता मशीन आणि कॉम्प्युटरचं जमवून देणारा 'ड्रायव्हर' नावाचा प्रोग्राम; तो लातूरच्या जुन्या कॉम्प्युटरातच राहिला होता. तिनं जीपची किल्ली मामांपुढं धरली. "लातूरहून जुना कॉम्प्युटर आणायचाय." "नवा असताना जुना कशाला, मॅडम?" "नव्याला चालवता येईना, मामा." किल्ली घेत मामा म्हणाले, "तेच तर मी कवापासून सांगायलोय!"