गोळी आणि दोन चमचे

सकाळी सहाला बाईंनी थायरॉईडची गोळी पाण्याबरोबर घेतली आणि तिच्या पाठोपाठ ॲसिडिटीच्या गुलाबी औषधाचे दोन चमचे.

असं करायचं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांनी लेकीच्या देखत दोनदा बजावलं होतं. गोळी उपाशीपोटी, चहा तासाभराने, आणि हे गुलाबी औषध चार तासांनंतर. दोन्ही एकदम घेतली तर गोळी अंगी लागत नाही. बाई काही ऐकलेलं विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसल्या होत्या. बिल्डिंगीत अजून त्यांना टेलिफोनबाईच म्हणत. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले आणि आता स्वतःचा फोन वाजायचा आठवड्यातून एकदा. रविवारी, दहा मिनिटं. लेकीचा.

वर्षापूर्वी त्यांचं पोट बिघडलं. दोन घास खाल्ले की गच्च व्हायचं, आणि चार-चार दिवस साफ व्हायचं नाही. तपासणीत थायरॉईडचा आकडा वाढलेला निघाला. लेक चार तास बसमध्ये अंग आंबवून आली आणि दोन दिवस राहिली. मऊ रांधून घातलं, गरम पाण्याची पिशवी आईच्या पोटावर धरून बसली. सात महिन्यांनी घरात दुसऱ्या माणसाच्या चपला दिसत होत्या.

निघताना ती म्हणाली, "पुढचा रिपोर्ट नीट आला की काळजी मिटली, आई."

बाईंनी मनात हिशेब केला. रिपोर्ट नीट आला की लेक कशाला येतेय? दुसऱ्या दिवशी सहा वाजता त्यांनी पहिल्यांदा गोळीबरोबर ते दोन चमचे घेतले.

डाव बरोबर पडला. दर दोन महिन्यांनी लॅबमधली बाई घरी येऊन रक्त न्यायची, रिपोर्ट लेकीच्या मोबाइलवर जायचा आणि तिचा फोन यायचा. आकडा पुन्हा वर म्हणे. शनिवारी लेक दारात हजर. आपण पोटच्या पोरीला फसवतोय, हे बाईंच्या मनाला खायचं. दर खेपेला ठरवायच्या, आता बास. पण ती गेल्यावर घर इतकं गप्प व्हायचं, की सकाळी हात आपोआप बाटलीकडे जायचा.

दुसऱ्याच खेपेला मात्र चोरी उघडी पडता पडता राहिली. लेक सहालाच उठून स्वयंपाकघरात आली. ओट्यावर गोळ्यांची पट्टी आणि तिला खेटून गुलाबी डाग पडलेला चमचा. लेकीने दोन्हींकडे पाहिलं, चमचा विसळला, जागेवर ठेवला आणि चहाचं आधण टाकलं. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. झोपेत होती बिचारी.

त्याच दिवशी तिने औषधाची नवी बाटली आणली, आणि पुढे दर खेपेला आणू लागली. चव अगदी साखरेच्या पाकासारखी. हल्ली औषधातसुद्धा भेसळ करतात, म्हणून बाई कुरकुरल्या, तर लेक म्हणाली की कंपनीने चव बदललीय. ॲसिडिटीसाठी तिने आईचं तिखट बंद केलं आणि रात्रीचं जेवण सातला आणलं. वर तंबीही दिली, की जेवल्याबरोबर आडवं व्हायचं नाही.

पोट आताशा बरं होतं. सकाळी साफ व्हायचं, भूकही लागायची. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती. लेक आली की बाई पोटावर हात ठेवून बसायच्या, आणि भूक असूनही दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या नाहीत.

लेकही बदलली होती. पूर्वी दोन दिवसांत जावयाचे पाच फोन. मोजे कुठे आहेत, गॅस कसा लावायचा. आता एकही नाही. त्याच्या जेवणाचं काय, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाली, सवय झालीय. दुपारी मात्र ती मेल्यासारखी झोपायची. तिची बॅग दर खेपेला फुगलेली यायची आणि रिकामी जायची. आधी एक स्वेटर राहिला, मग शाल, मग चक्क उशी. वेंधळी ती वेंधळीच, असं म्हणत बाईंनी सगळं कपाटात घड्या घालून ठेवलं. रविवारच्या फोनमध्ये तिच्या मागे टीव्हीचा आवाज यायचा बंद झाला होता, आणि रिकाम्या खोलीत घुमावा तसा तिचा आवाज घुमायचा. एक्स्चेंजमधल्या कानाला ते कळत होतं. पण विचारायचं कसं? ताकाला जाऊन भांडं लपवणारीने दुसऱ्याच्या हातात काय आहे ते विचारू नये.

आज लॅबमधली बाई दारावर आली ती कागद घेऊन. यंत्रणा बंद पडलीय, मोबाइलवर काही जात नाही, म्हणून रिपोर्ट घरोघर वाटतेय, म्हणाली. बाईंनी चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचला. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचला. मग त्यांनी स्वतःहून लेकीला फोन लावला. वार रविवार नव्हता.

"रिपोर्ट या वेळी माझ्याकडेच आलाय," त्या म्हणाल्या. "आकडा वरच आहे गं."

पलीकडे नुसती ती घुमणारी खोली.

"किती आलाय, आई?"

"तू दर वेळी सांगतेस तेवढाच."

बाई थांबल्या. लाइन चालू आहे आणि पलीकडे माणूस रडतंय, हे ओळखायला त्यांना कधी वेळ लागला नव्हता.

"दोन दिवसांनी नाही भागायचं आता," त्या म्हणाल्या. "आहे नाही ते सगळं सामान घेऊन ये. कपाटाचा अर्धा भाग रिकामा करून ठेवते."

फोन ठेवून त्यांनी कागदाची घडी घातली. त्यावर वर्षभरातल्या सहा तपासण्यांचे आकडे ओळीने छापले होते. पहिले दोन वाढलेले. पुढचे चारही नॉर्मल.