बोट वर

“अजून वाढव,” नवनाथ ओरडला.

साउंडवाल्या सुजितनं बटण फिरवलं. स्टेजवर माईक धरून उभी असलेली वर्षाराणी बापाच्या हाताकडे बघत होती. नवरात्र मंडळात ती पहिल्यांदाच एकटी गाणार होती. बापलेकीचं ठरलं होतं. बापानं गल्लीच्या टोकाला, शालनबाईंच्या दाराशी उभं राहायचं, आवाज तिथवर पोचला की बोट वर करायचं, मग तिनं सुरुवात करायची. तिनं पुन्हा ‘हॅलो, हॅलो’ केलं.

म्हाताऱ्या शालनबाई कानांवर पदर दाबून उंबऱ्यात बसल्या होत्या. डोकं फुटतंय, असं त्या कालही म्हणाल्या होत्या. पोरीचं कौतुक बघवत नाही म्हणून नाटकं करता, असं नवनाथनं त्यांना चारचौघांत सुनावलं होतं. आता कुठं त्याला लेकीचा आवाज जरासा ऐकू आला. बोट वर जाणार, तेवढ्यात हवालदार आला. त्याच्या हातात आवाज मोजायचं यंत्र होतं.

यंत्रावर ब्याण्णव आकडा होता. वस्तीत दिवसा पंचावन्नच्या वर चालत नाही, आत्ता सातच वाजलेत, गाणं होऊ द्या पण आवाज उतरवा, एवढंच त्याचं म्हणणं. नवनाथ ऐकतोय कुठला? यंत्रच खोटं आहे म्हणाला. तक्रार कुणी केली तेही ठाऊक आहे म्हणत त्यानं म्हातारीवर बोट उगारलं. स्टेजवरून वर्षाराणीला बापाचं बोट वर गेलेलं तेवढं दिसलं. शालनबाईंनी मान खाली घातली. सुजितनं आवाज उतरवला. नवनाथ स्टेजकडे पाठ करून भांडतच राहिला.

“एवढ्याशा आवाजात पोरीनं गावं तरी कसं?” तो म्हणाला. “आता उभी का ऱ्हायली? तिला म्हणावं, सुरू तरी कर.”

हवालदारानं स्टेजकडे पाहिलं. मग त्याच्या कानाशी वाकून तो म्हणाला, “भाऊ, ती गातीय. दुसरं कडवं चाललंय.”

नवनाथ वळला. वर्षाराणीचे ओठ हलत होते. लोक तल्लीन झाले होते. शालनबाईंचा पदर कानांवरून खाली आला होता आणि त्या डोळे मिटून मान डोलवत होत्या.

नवनाथ चाकणच्या एका कंपनीत अठरा वर्षं लोखंड ठोकायच्या हॅमरवर होता. दरवर्षी तिथं कान तपासायची गाडी यायची. काचेच्या खोलीत बसायचं, कानात बारीक शिटी वाजली की बोट वर करायचं. चार वर्षांपूर्वी शिट्या वाजेनाशा झाल्या. नापास झालो तर हॅमरवरून काढून पॅकिंगला टाकतील, ही धास्ती. मग तो काचेपलीकडच्या बाईच्या हातावर नजर ठेवू लागला. तिनं बटण दाबलं की याचं बोट वर. दरवर्षी पास. थोडंसंच कमी झालंय, असं त्यानं स्वतःलाही पटवलं होतं. आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शालनबाईंकडे बघायचीही त्याला लाज वाटली.

गाणं संपलं असावं, कारण लोक टाळ्या वाजवत होते. वर्षाराणीनं लांबूनच भुवया उंचावून बापाला विचारलं, पोचला का आवाज?

नवनाथनं आजूबाजूच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. सगळे हसत होते.

त्यानं बोट वर केलं.