पेटीत ठेवायची वस्तू

“कुलूप आहे ना? मग ‘हो’वर खूण कर आणि चल!” गावप्रमुख प्यो फाटकातूनच ओरडले. “आपलं गाव शंभर टक्के आहे म्हटलं ना!”

नाग्योंगचं पेन अडलं. म्हातारी माणसं फवारणीचं औषध पिऊन जीव देतात, म्हणून ते कुलपात ठेवायला वर्षापूर्वी सोतगोल गावच्या घराघरांत या लोखंडी पेट्या वाटल्या होत्या. त्यांचा उपयोग किती झाला ते तपासायला मानसिक आरोग्य केंद्रानं तिला धाडलं होतं. सकाळपासून अकरा घरं, अकरा कुलपं. इतकं सुरळीत काही असतं का कुठं?

“आजी, जरा उघडून दाखवता?”

बुनरे आजींनी कमरेची किल्ली काढली आणि मोठ्या हौसेनं पेटी उघडली. आत औषध नव्हतंच. पिवळट, जाडंभरडं कापड होतं, नीट घडी घातलेलं. आजींनी मेल्यावर अंगावर घालायला स्वतःसाठी शिवून घेतलेले शेवटचे कपडे. आधी शिवून ठेवले की आयुष्य वाढतं म्हणतात. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांकडे ते असतील. तरी नाग्योंगनं पेटीत पुन्हा वाकून पाहिलं.

“आणि औषधाची बाटली?”

“ती होय? स्वयंपाकघरात, सोयासॉसच्या शेजारी.” आजी हसल्या. “अगं पोरी, उंदीर कापड कुरतडतात. औषधाला कोण तोंड लावतंय?”

“तुम्ही नाही ना लावणार?”

आजींनी फडकं घेतलं आणि स्वच्छच असलेली जमीन पुसायला लागल्या. पुसतच राहिल्या.

पेटीत काय आहे, हा प्रश्न कागदावर कुठंच नव्हता. नाग्योंग उठली, बाटली घेऊन आली. कपडे बाहेर काढून तिनं ती पेटीत ठेवली, कुलूप घातलं. किल्ली आजींच्याच हातात द्यायची होती. नियमच तसा होता. तिनं ती दिली.

“मग हे कुठं ठेवू?” आजींनी विचारलं.

नाग्योंग कपड्यांशेजारी खाली बसली. बाहेरून प्योंची हाक आली, मग दुसरी.

आजींनी कपडे चौकोनी रुमालात बांधले, गाठ घट्ट ओढली आणि गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं.

“तू ने. हे अंगावर असल्याशिवाय मी काही वर गेलेल्या आमच्या म्हाताऱ्यासमोर जायची नाही,” त्या म्हणाल्या. “आणि परत आणायची घाई करू नकोस.”